जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल वारंवार अडकते: दुरुस्ती करावी, अपग्रेड करावे की आहे तशीच ठेवावी?

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीच्या बाबतीत एक तक्रार सतत ऐकू येते. रायफल पूर्वी नीट चालत होती, आता मात्र थोडे बार झाले की अडकते. कधी काडतूस चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या) तोंडाशी तिरके होऊन बसते, कधी रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते, तर कधी चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. साफसफाई केली की काही काळ बरे चालते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी नवी नळी, नवा ट्रिगर, नवा दस्ता, मोठे मॅगझिन अशी खरेदीची यादी तयार होऊ लागते आणि या साऱ्याला ‘अपग्रेड’ असे एकच नाव दिले जाते.

माझे मत असे आहे की रायफल आपल्या चक्रात नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबते हे कळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये. बिघाड आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे काम रायफल पूर्वी करत होती आणि आता करत नाही, तो बिघाड होय आणि त्यावर उपाय दुरुस्तीचा असतो. जे काम तिने कधीच केले नव्हते, कारण तिची रचनाच त्यासाठी नव्हती, ती मर्यादा होय आणि अपग्रेडचा विचार फक्त तिच्यासाठी करावा. बिघाड तसाच ठेवून वर नवे भाग चढवले, तर मूळ दोष जागेवरच राहतो आणि नव्या भागांच्या जुळणीतले दोष त्यात मिसळतात. मग कशामुळे काय होते हे अनुभवी गनस्मिथलाही (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही) चटकन सांगता येत नाही.

तपासणीपूर्वी

मॅगझिन काढावे, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून धरावा आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने असे दोन्ही प्रकारे तपासावे. खरी काडतुसे तपासणीच्या टेबलावर असूच नयेत, ती दुसऱ्या खोलीत ठेवावीत. घरी भरण्या-काढण्याची चाचणी करायची असेल तर ती केवळ डमी काडतुसांवर करावी. रेंजवर चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच रोखून किमान 30 सेकंद थांबावे, कारण दारू उशिराने पेट घेण्याची शक्यता असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का अगदी हलका जाणवला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढचा बार उडवणे म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण आहे. रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत नेमबाजी तेथेच थांबवावी.

रायफल नेमकी कोठे थांबते?

बार उडाल्यानंतर सेमी-ऑटोमॅटिक रायफल एका ठरावीक क्रमाने काम करते. बोल्टचे कुलूप उघडते, एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून ओढतो, इजेक्टर तिला बाहेर फेकतो, मागे जाणारा बोल्ट हॅमर (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) चढवतो आणि रिकॉइल स्प्रिंग दाबतो, नंतर तीच स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, बोल्ट मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये नेतो आणि शेवटी कुलूप पुन्हा बसते. या क्रमासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते, हे मात्र रचनेनुसार बदलते. 1964 साली आलेल्या रुगर 10/22 सारख्या .22 रायफलीत पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. तेथे कुलूपही नसते, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग हेच सारे सांभाळतात. 1936 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम1 गॅरँडमध्ये नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून आलेला वायू एका लांब ऑपरेटिंग रॉडला ढकलतो. सिमोनोव्हच्या 1945 च्या एसकेएसमध्ये आखूड पिस्टन आहे, तर एआर-15 पद्धतीच्या रायफलीत वायू नळकांडीतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो. त्यामुळे एका रायफलीवर लागू पडलेला उपाय दुसरीवर डोळे झाकून करता येत नाही.

रायफल अडकली की ती लगेच झटकून मोकळी करण्याची सवय सोडावी. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट चापापासून दूर ठेवून, आत काय दिसते ते आधी नीट पाहावे. रिकामी पुंगळी अजून चेंबरमध्येच आहे का? ती बाहेर निघाली पण फेकली गेली नाही का? बोल्ट काडतुसाच्या मागे न जाता त्याच्यावरून सरकला का? बोल्ट पूर्ण पुढे गेला, की केसभर अलीकडे राहिला? हे सारे वहीत लिहावे आणि त्यासोबत मॅगझिनचा क्रमांक, त्यातले कितवे काडतूस होते, काडतुसाचा प्रकार आणि साफसफाईनंतर किती बार झाले होते, याचीही नोंद ठेवावी. मॅगझिनांवर रंगाने क्रमांक घालावेत. तक्रार जुनी आणि वारंवार येणारी असेल, तर अशा नोंदींची दोन पाने भरेपर्यंत एखादी संगती बहुधा दिसू लागते.

मॅगझिन आणि काडतूस

भरण्यातला दोष दिसला की पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. रायफलीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त आपटला जाणारा भाग तोच असतो. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांमधले अंतर थोडे वाढले तर काडतूस जास्त वर येते, कमी झाले तर बोल्ट त्याला ढकलू शकत नाही आणि दोन्ही ओठ सारखे नसतील तर काडतूस एका बाजूला कलून चेंबरच्या कडेला आदळते. स्प्रिंग थकली असेल तर पहिली काही काडतुसे नीट जातात आणि शेवटच्या दोन-तीन काडतुसांना अडचण येते, कारण तेव्हा स्प्रिंगचा दाब सर्वांत कमी असतो. याउलट, मॅगझिन पूर्ण भरल्यावर पहिलेच काडतूस अडत असेल, तर अतिदाबाचा किंवा मॅगझिन खाचेत पूर्ण न बसल्याचा संशय घ्यावा. तोच दोष एकाच मॅगझिनमध्ये पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्न मिटला. ते मॅगझिन बाजूला काढावे. वाकलेले ओठ पक्कडीने सरळ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण डोळ्यांना सरळ दिसलेले मॅगझिन बारांच्या धक्क्यात पुन्हा पूर्वपदावर येते.

गॅरँडला वेगळे मॅगझिन नाही. तिची 8 काडतुसे पत्र्याच्या क्लिपसकट आत जातात, त्यामुळे संशयित बदलतो. वाकलेली किंवा गंजलेली क्लिप तपासावी आणि त्यानंतर ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग. गॅरँडमध्ये हीच एक स्प्रिंग बोल्टही पुढे ढकलते आणि काडतुसे वर उचलणाऱ्या फॉलोअरलाही जोर देते. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी सुमारे 20 इंच असते आणि ती 19 इंचांच्या खाली आली की बदलावी असा प्रघात आहे. पट्टी लावून मोजता येणारी ही गोष्ट आहे. तरीही ती मोजण्याआधीच नव्या नळीची चौकशी सुरू झालेली असते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

काडतुसांच्या बाबतीत .22 रायफली विशेष चोखंदळ असतात. सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाची साधी काडतुसे आणि सुमारे 380 मीटर वेगाची जलद काडतुसे यांच्यात बोल्टला मिळणाऱ्या धक्क्याचा फरक मोठा असतो. जुनी, घट्ट झालेल्या तेलाने जड चालणारी रायफल जलद काडतुसांवर चालते आणि साध्यांवर अडते. येथे दोष काडतुसाचा म्हणायचा की तेलाचा, हे रायफल पूर्ण धुऊन आणि पुन्हा हलके तेल देऊनच ठरवता येते. मोठ्या कॅलिबरमध्ये प्रश्न उलटा असतो. गॅरँड सुमारे 150 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीच्या लष्करी काडतुसासाठी बांधली गेली. जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असलेली आजची शिकारीची काडतुसे त्या रायफलीत वापरली, तर नळीच्या तोंडाशी वायूचा दाब अपेक्षेपेक्षा जास्त उरतो आणि लांब ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. तशीच काडतुसे वापरायची असतील तर दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग हे मी योग्य अपग्रेड मानतो, कारण तो एका खऱ्या मर्यादेला उत्तर देतो आणि मूळ रायफलीला ओरखडाही न काढता बसवता व काढता येतो.

पुंगळी जवळून पाहावी

रेंजवरून परतताना रिकाम्या पुंगळ्या गोळा करून भिंगाखाली पाहाव्यात. त्या रायफलीची अर्धी हकिकत सांगतात. पुंगळीच्या कडेवर एका जागी पितळ फाटलेले किंवा उचकटलेले दिसले, तर एक्स्ट्रॅक्टरने आपले काम केले होते, पण पुंगळी चेंबरला चिकटून बसली होती असे समजावे. मग एक्स्ट्रॅक्टर बदलून काही साधणार नाही, कारण दोष चेंबरमध्ये आहे: तेथे काजळी आहे, गंजाचे खड्डे आहेत किंवा वायूचा दाब जास्त असल्याने बोल्ट वेळेआधी उघडतो आहे. याउलट, कडेवर नुसता पुसट ओरखडा आहे आणि पुंगळी आतच राहिली, तर एक्स्ट्रॅक्टरची नखी झिजली आहे किंवा त्याच्यामागची छोटी स्प्रिंग मेली आहे. हा भाग स्वस्त असतो आणि सरळ बदलता येतो.

पुंगळीच्या अंगावर उभे ओरखडे किंवा फोडासारखे बारीक उठाव दिसले तर ती चेंबरची छाप असते. जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (आघाताने पेटून दारू पेटवणाऱ्या भागामध्ये) पोटॅशियम क्लोरेट असे, त्यापासून उरणारा क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि नळी, चेंबर व गॅस पिस्टन यांना गंज चढवतो. हा क्षार नुसत्या तेलाने जात नाही; त्याला पाणीच विरघळवते, म्हणून अशा काडतुसांनंतर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच तेल द्यावे लागते. पूर्वीच्या मालकाने हे केले नसेल तर चेंबरमध्ये खड्डे पडलेले असतात. हलके खड्डे गनस्मिथ घासून सौम्य करू शकतो, खोल असतील तर नळी बदलण्याला पर्याय उरत नाही.

जुन्या .22 रायफलींत आणखी एक बारीक दोष सापडतो. त्यांतल्या अनेकींमध्ये रिकाम्या चेंबरवर चाप ओढला तर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळी) चेंबरच्या कडेवर आदळते आणि वर्षानुवर्षांच्या अशा आघातांनी तेथे एक दबका खड्डा पडून धातू आतल्या बाजूला उचलला जातो. काडतूस आत जाताना किंवा पुंगळी बाहेर येताना नेमके तेथेच अडते. टॉर्चच्या प्रकाशात चेंबरच्या तोंडाशी घड्याळातल्या 12 च्या किंवा फायरिंग पिन जेथे लागते त्या जागी पाहिले, तर हा खड्डा दिसतो. गनस्मिथ एका साध्या हत्याराने तो धातू परत जागेवर दाबतो आणि रायफल पूर्ववत चालू लागते. नवा बोल्ट किंवा नवा ट्रिगर येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो.

प्रायमरवरचा ठसाही पाहावा. ठसा उथळ असेल तर फायरिंग पिनच्या मार्गात घट्ट ग्रीस आहे का, हॅमरची स्प्रिंग थकली आहे का, किंवा मागे कोणी ‘ट्रिगर हलका करण्यासाठी’ कमी जोराची स्प्रिंग बसवली आहे का, हे तपासावे. शेवटची शक्यता सेकंडहँड घेतलेल्या रायफलीत बरीच आढळते. लष्करी प्रायमर कठीण असतात आणि हलक्या स्प्रिंगने ते पेटत नाहीत. अशा रायफलीसाठी मूळ जोराची स्प्रिंग परत बसवणे हाच सर्वांत चांगला बदल होय.

गॅस आणि स्प्रिंग

पुंगळ्या कोठे पडतात यावरून वायूच्या दाबाचा अंदाज येतो. एआर-15 पद्धतीच्या, उजवीकडे पुंगळी फेकणाऱ्या रायफलीत पुंगळ्या पुढच्या बाजूला जोरात जात असतील तर बोल्ट जास्त वेगाने मागे येतो आहे आणि त्या मागच्या बाजूला मरगळून पडत असतील तर ऊर्जा कमी पडते आहे असा ठोकताळा आहे. ऊर्जा कमी पडत असेल तर याच रायफलीत बोल्टवरच्या तीन गॅस रिंगांची चाचणी सोपी आहे: बोल्ट कॅरियर सुटा काढावा, बोल्ट पुढे ओढून ठेवावा आणि कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करावा. कॅरियर आपल्याच वजनाने खाली सरकला तर रिंगा झिजल्या आहेत. एसकेएससारख्या पिस्टनच्या रायफलीत पिस्टन नळकांडीत हाताने सहज सरकतो का आणि नळकांडी वाकलेली किंवा आतून गंजलेली नाही ना, एवढे पाहिले तरी पुरते.

जास्त दाबाची रायफल वरवर ‘जोरदार’ चालते आणि म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात त्याच जोराने बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मुख्य सांगाडा) एकमेकांवर आदळत असतात. येथे अधिक जोराची रिकॉइल स्प्रिंग बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला घाईचा वाटतो, कारण त्या स्प्रिंगने मागे जाण्याचा वेग थोडा कमी होतो, पण पुढे येण्याचा वेग वाढतो आणि मॅगझिनला काडतूस वर आणायला पुरेसा अवधी मिळत नाही. परिणामी इजेक्शनचा दोष जाऊन भरण्याचा दोष येतो. आधी कारखान्याच्या मूळ मापाची नवी स्प्रिंग घालून पाहावी.

येथे चाचणी थांबवावी

काही लक्षणांवर घरगुती तपासणी लागू नाही. एकदा चाप ओढल्यावर दोन बार उडाले, किंवा बोल्ट पुढे जाताच चापाला हात न लावता बार उडाला, तर ती रायफल त्याच क्षणी रिकामी करून बाजूला ठेवावी आणि गनस्मिथकडे द्यावी. सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) व हॅमर यांच्या झिजलेल्या कडा हे त्याचे एक कारण असते आणि त्या कडा घरी कानशीने ‘नीट’ करणे धोक्याचे तर आहेच, शिवाय अनेक देशांत कायद्याच्या दृष्टीनेही अत्यंत गंभीर आहे. गॅरँडमध्ये दस्त्याचे लाकूड आकसल्याने ट्रिगर हाउसिंग सैल बसते, तेही पाहावे लागते; ट्रिगर गार्ड बंद करताना शेवटच्या टप्प्यात घट्टपणा जाणवला पाहिजे.

एसकेएसच्या बाबतीत असा आपोआप बार उडण्याचे एक विशिष्ट कारण सर्वज्ञात आहे. तिच्या बहुतेक नमुन्यांत फायरिंग पिनला परतीची स्प्रिंग नाही, पिन बोल्टमध्ये मोकळी फिरते. साठवणुकीसाठी लावलेले कॉस्मोलिन नावाचे जाड ग्रीस पिनच्या मार्गात वाळले, तर पिन पुढे आलेल्या स्थितीत अडकते आणि बोल्ट मिटताच काडतूस फुटते. बोल्ट पूर्ण सुटा करून, धुऊन, कानाजवळ हलवल्यावर पिनचा खुळखुळ आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. आवाज दबका आला किंवा आलाच नाही, तर त्या रायफलीत काडतूस भरू नये. मोकळ्या पिनमुळे गॅरँड आणि एसकेएसमध्ये न उडवता काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर एक बारीक ठिपका दिसतो. तो मात्र सामान्य आहे, घाबरण्याचे कारण नाही.

पुंगळी तळापासून थोड्या अंतरावर चकाकत्या वर्तुळाने चिरू लागली असेल, तर हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून चेंबरमधल्या ठरावीक बिंदूपर्यंतचे अंतर, तपासून घ्यावे. .308 विंचेस्टरसाठी ‘गो’ गेज 1.630 इंच, ‘नो-गो’ 1.634 इंच आणि ‘फील्ड’ 1.638 इंच असते. सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यातला हा सारा फरक 0.008 इंचांचा, म्हणजे सुमारे 0.2 मिलिमीटरचा आहे. बोल्ट ‘फील्ड’ गेजवर मिटला तर त्या रायफलीतून बार उडवू नये. पुंगळीवर कागदाचे तुकडे चिकटवून अंदाज घेण्याचे उपाय या मापाला पुरे पडत नाहीत.

नेम बिघडला असेल तर

पुष्कळदा तक्रार अडकण्याची नसते, ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या बारांचा समूह, पसरल्याची असते, आणि तेव्हा नवी नळी हा पहिला विचार मनात येतो. त्याआधी दस्त्याचे स्क्रू, साइटचे स्क्रू आणि स्कोपचे माउंट तपासावे. लाकूड ऋतूनुसार फुगते व आकसते आणि पूर्वी घट्ट असलेला स्क्रू आता तसा असेलच असे नाही. त्यानंतर नळीचे तोंड भिंगाने पाहावे. गॅरँडची नळी मागून साफ करता येत नाही, त्यामुळे साफसफाईची सळई नेहमी तोंडाकडून घालावी लागते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निष्काळजी सळईने तोंडाशी आटे (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचा) झिजतात. गनस्मिथ तोंडाची कड पुन्हा कातून देतो आणि तेवढ्याने रायफल सुधारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

पहिले दोन-तीन बार एका जागी आणि नंतरचे एका दिशेने सरकत जात असतील, तर तो पातळ नळी तापण्याचा परिणाम होय. 1970 च्या दशकात आलेल्या रुगर मिनी-14 च्या सुरुवातीच्या नमुन्यांबद्दल हे सर्वत्र बोलले जाते. ही रचनेची मर्यादा आहे. शिकारीसाठी दोन बारांपुरती रायफल वापरणाऱ्याला तिचा काही त्रास नाही, कागदी लक्ष्यावर सलग बार उडवणाऱ्याला आहे. त्यामुळे जाड नळी किंवा नळीला आधार देणारी पट्टी घेणे हा दुसऱ्याच्या बाबतीत योग्य खर्च ठरतो आणि पहिल्याच्या बाबतीत वाया जातो.

आट्यांच्या पिळाचा मुद्दाही याच जातीचा आहे. जुन्या एआर-15 पद्धतीच्या नळ्यांत 12 इंचांत एक फेरा असा पिळ होता आणि तो 55 ग्रेनच्या गोळीला जुळतो. नंतरच्या 62 ग्रेनच्या लष्करी गोळीसाठी 7 इंचांत एक फेरा असा पिळ आला. जुन्या नळीतून लांब, जड गोळी उडवली तर ती स्थिर राहत नाही आणि लक्ष्याच्या कागदावर आडवी लागल्याच्या लांबट खुणा दिसतात. अशा खुणा दिसल्या तर नळीत बिघाड शोधू नये. एकतर 55 ग्रेनवर परत यावे, नाहीतर जड गोळीच हवी असेल तर नळी बदलावी. त्याच वेळी नळीवरची अक्षरे वाचावीत: .223 रेमिंग्टन असे लिहिलेल्या चेंबरमध्ये 5.56 नाटो काडतूस वापरू नये, कारण त्यात दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

मग अपग्रेड कोणते करावे?

बिघाड निस्तरल्यावर जी उणीव उरते, तीच अपग्रेडसाठी विचारात घ्यावी. वयोमानाने लोखंडी साइट आणि लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, हे माझ्या मते सर्वांत सबळ कारण आहे. स्कोप किंवा रेड डॉट बसवल्याने रायफल पुन्हा वापरात येते, मात्र माउंट असा निवडावा की रिसीव्हरला नवी छिद्रे पाडावी लागू नयेत. रुगर 10/22 सारख्या रायफलीत नळी दोन स्क्रूंनी बसते, त्यामुळे तेथे नळी, दस्ता आणि ट्रिगर बदलणे सोपे आणि परतवता येण्याजोगे आहे. ज्या रायफलीत नळी दाबयंत्राने बसवलेली असते आणि बदलल्यावर हेडस्पेस नव्याने जुळवावे लागते, तेथे मजुरी भागाच्या किमतीला सहज मागे टाकते.

काही बदल मी सुचवणार नाही. मूळ एसकेएसला 10 काडतुसांचे स्थिर मॅगझिन आहे आणि ते अत्यंत भरवशाचे आहे. ते काढून बाजारातले सुटे मॅगझिन बसवल्यावर भरण्याच्या तक्रारी सुरू झाल्याचे वारंवार दिसते, म्हणजे तेथे अपग्रेडनेच बिघाड विकत आणलेला असतो. वारंवार अडकणारी रायफल तुमच्याकडे अशा बदललेल्या अवस्थेत आली असेल, तर पहिली चाचणी मूळ भाग परत बसवून करावी. शिवाय मॅगझिनची क्षमता, दस्त्याचा प्रकार आणि नळीची लांबी यांवर अनेक देशांत बंधने आहेत. एखादा भाग दुकानात मिळतो एवढ्यावरून तो आपल्या परवान्यात बसतो असे ठरत नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी परवाना देणाऱ्या यंत्रणेकडून लेखी खात्री करून घ्यावी.

रायफल ऐतिहासिक असेल आणि तिच्यावरचे शिक्के, क्रमांक व मूळ लाकूड शाबूत असेल, तर कायमस्वरूपी कोणताही बदल करू नये. घासून काढलेला शिक्का किंवा भोक पाडलेला रिसीव्हर पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि नेमबाजीसाठी वेगळी रायफल घेणे शेवटी स्वस्त पडते. दुसऱ्या टोकाला, काही जुन्या शिकारी रायफलींत बोल्टच्या डोक्यावरची दातेरी कुलपे रिसीव्हरच्या आतल्या मार्गिका कुरतडत जातात. बोट आत फिरवल्यावर तेथे ओळीने खाचा लागल्या, तर तो रिसीव्हर संपला आहे. त्यावर नवी नळी, नवी स्प्रिंग किंवा नवा एक्स्ट्रॅक्टर यांचा पैसा घालू नये, मग ती रायफल कितीही जिव्हाळ्याची असो. या दोहोंच्या मध्ये असलेल्या रायफलीसाठी मी साधा हिशेब करतो: दुरुस्ती आणि अपग्रेड मिळून खर्च त्याच कामाच्या नव्या रायफलीच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्तीपुरते थांबावे.

जो बदल कराल तो एका वेळी एकच करावा. आधी ज्या काडतुसांवर आणि ज्या क्रमांकाच्या मॅगझिनवर दोष आला होता, त्याच जोडीवर पुन्हा चाचणी घ्यावी, कारण काडतूस आणि मॅगझिनही सोबत बदलले तर दोष कशाने गेला हे कळणार नाही. पूर्वी दोष दिसायला जितके बार लागत होते त्याच्या तिप्पट बार विनातक्रार झाले, की दुरुस्ती लागू पडली असे मानावे. काढलेले मूळ भाग हलके तेल लावून, चिठ्ठीवर तारीख आणि कारण लिहून जपून ठेवावेत. नवा भाग न जुळल्यास चाचणी तेथूनच पुन्हा सुरू करता येते.